दाराबाहेर बसलेली आई

निवृत्त होऊन मखमलाबादच्या घरी कायमची राहायला आले, तेव्हा शेजारच्या फुलवाल्या काकूंनी झेंडूच्या माळा ओवता ओवता मला विचारलं, "तुम्ही दवाखान्यात नेमकं काय करत होता हो?"

मी म्हटलं, "बाळंत होत होते."

काकूंची सुई हातातच राहिली. मग मी त्यांना सविस्तर सांगितलं. आठवड्यातून दोन-तीनदा टेबलावर पडून बाळंत व्हायचं, मग अंगावरून भरमसाट रक्त जाऊन मरायला टेकायचं, सिस्टर लोकांनी धावपळ करून वाचवलं की उठायचं, केस नीट करायचे आणि चहा प्यायचा. सरकार मला याचा पगार देत होतं. काकू म्हणाल्या, "बाई बाई, काय तरी नोकऱ्या असतात एकेकाच्या!" खरंच आहे ते.

मी मूळची लेबर रूमची सिस्टर. बरीच वर्षं बाळंतपणं केल्यावर मला शिकवायच्या कामावर घेतलं. नाशिक शहरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या आवारात आमची एक खोली होती. खोलीत खऱ्यासारखं बाळंतपणाचं टेबल, सलाईनचा स्टँड, औषधांचा ट्रे, ऑक्सिजनची रिकामी टाकी. जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांतून आणि ग्रामीण रुग्णालयांतून सिस्टर यायच्या. त्यांना पुस्तकातलं सगळं येत असायचं. पण बाळंतपण सुरळीत झालं, बाळ रडलं, सगळे हसले, आणि पाचव्या मिनिटाला बाईच्या अंगाखालून रक्ताची धार लागली, की पुस्तक आठवत नाही. म्हणून तो प्रसंग आधीच खोटाखोटा घडवायचा, पुन्हा पुन्हा घडवायचा, इतका की डोकं बंद पडलं तरी हात चालत राहावेत. याला ड्रिल म्हणतात.

आमच्याकडे कॅनव्हासचं एक पोट होतं. एप्रनसारखं कमरेला बांधायचं. आत बाहुलीचं बाळ, कापडाची वार, आणि लाल पाण्याची पिशवी. पिशवीचा नळ माझ्या हाताशी, चादरीखाली लपवलेला. मी नळ सोडला की रक्त सुरू, बंद केला की बंद. या पोटाचं नाव पहिल्याच तुकडीतल्या सिस्टरांनी 'गोदाबाई' ठेवलं. शेवटच्या दिवशी त्यांनी गोदाबाईची खणानारळानं ओटीही भरली. मी आतून पोट बांधलेली, वरून त्या तांदूळ घालताहेत. हसावं की हात जोडावेत ते मला कळेना.

लाल पाण्याचा एक वेगळाच वैताग होता. सुरुवातीला मी गुलाबाचं सरबत वापरलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर मुंग्यांची जत्रा. मग बीट किसून पाहिलं, ते दिसायचं सुंदर, पण दुपारी वास मारायचं. शेवटी मिठाईचा रंग आणि त्यात थोडी पातळ खळ, यावर गाडी स्थिरावली. माझ्या सगळ्या जुन्या साड्यांवर ते डाग आहेत आणि एकही धोब्यानं काढून दिलेला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रक्तस्राव म्हणजे सगळ्यांना दिसणारच. तसं नसतं. बाईच्या अंगाखाली गडद लुगडं असतं, त्याखाली गोधडी. त्यात बरंच रक्त मुरून जातं आणि वरून नुसतं ओलं दिसतं. त्यात आम्हा सिस्टरांना एक खोड. डॉक्टर यायच्या आत टेबल स्वच्छ हवं. कपडा भिजला की काढला, टाकला, दुसरा घातला. मग डॉक्टर येतात, त्यांना पांढरा स्वच्छ कपडा दिसतो, आणि त्यांना वाटतं सगळं ठीक आहे. नीटनेटकेपणापायी बायका गेलेल्या आहेत. म्हणून मी शिकवायची, भिजलेला एकही कपडा टाकायचा नाही, सगळे टबात ठेवायचे आणि येईल त्याला आधी टब दाखवायचा. हे शिकवायला मला औषधांच्या नावांपेक्षा जास्त त्रास पडला. चांगल्या घरातल्या मुलींना घाण उघडी ठेवायला सांगणं सोपं नसतं.

आणखी एक गोष्ट मला शिकवावी लागायची, पेशंटशी बोलण्याची. मी टेबलावर पडलेली असायची आणि पाच-सहा जणी माझ्या अंगावरून एकमेकींशी बोलायच्या. इंजेक्शन दिलं का, नळी घातली का, बीपी किती. मला कोणी काही विचारायचंच नाही. याला पहिला अपवाद निघाली सटाण्याकडची एक जाडजूड, वयस्क सिस्टर. तिला मराठीचा प्रमाण सूर कधी लागला नाही. ती आली, माझ्या पोटावर पंजा ठेवला आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "काय व्हई राहिनं माय तुले? घाबरू नको, मी शे ना आठे." नळ माझ्या हातात होता, रक्त खोटं होतं, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून मी ते ड्रिलमध्ये घातलं. पोटावर एक हात, आणि तोंडानं बाईशी बोलणं, शेवटपर्यंत. ती 'हूं' म्हणते की नाही याकडे कान ठेवायचा. 'हूं' आलं म्हणजे ती शुद्धीत आहे.

ड्रिलचा एक नियम आम्हा शिकवणाऱ्यांना आमच्या प्रशिक्षणातच घालून दिलेला होता. पेशंट मरता कामा नये. सिस्टरांनी पायऱ्या नीट केल्या की नळ बंद करायचा आणि म्हणायचं, "गर्भाची पिशवी कडक झाली, रक्त थांबलं." नाहीतर मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, तिथे पेशंटची माहिती सांगून ताबा द्यायचा, ज्याला हँडओव्हर म्हणतात. हँडओव्हर झाला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. नियम चांगलाच होता. घाबरलेल्या माणसाला आधी जिंकायला शिकवावं लागतं. शिवाय सिस्टरांनाही तो पसंत होता. बाळंतिणीच्या खोलीत मरणाचं नाव काढू नये, असं सगळ्यांनाच आईनं शिकवलेलं असतं.

लता मला भेटली ती अशाच एका तुकडीत. हरसूलकडच्या एका आरोग्य केंद्रात ती सिस्टर होती, आणि तिथलीच मुलगी. बारीक चण, कपाळावर छोटी टिकली, आणि कमी बोलणं. पहिल्या दिवशी मी गोदाबाई बांधून टेबलावर चढले तशा बाकीच्या खुदुखुदु हसल्या. ही हसली नाही. चहाच्या वेळी मी विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे बोहाडा असतो. देवांची सोंगं नाचतात. माझे काका देवीचं सोंग घेतात. मुखवटा चढला की आम्ही त्यांना काका म्हणत नाही, पाया पडतो. सोंग घेतलं की तो खेळ नसतो."

तिच्यासाठी ते खरंच खेळ नव्हतं. तिनं माझ्या पोटावर हात ठेवला की मला भीती वाटायची नाही, इतकंच सांगते. तिला सगळं एकदाच सांगावं लागे. एकदा तिनं विचारलं, "मॅडम, पहिली पायरी 'मदतीला हाक मारा' अशी आहे. आमच्याकडे दुपारी मी एकटी असते. हाक कोणाला मारू?" मी म्हटलं, "जो असेल त्याला. शिपाई, आशाताई, ड्रायव्हर, पेशंटची सासू. सलाईनची बाटली वर धरायला शिक्षण लागत नाही." ते तिनं मनावर घेतलं आणि आपल्या केंद्रातल्या ड्रायव्हरलासुद्धा बाटली धरायला शिकवून ठेवलं. माझ्या तीसेक वर्षांच्या नोकरीत मला जर कोणी विचारलं असतं, तुझ्या सुनेचं बाळंतपण कोणाच्या हातात देशील, तर मी लताचं नाव घेतलं असतं.

लता तुकडी संपवून परत गेली, त्यानंतर एके दिवशी दुपारी मी खोली आवरून बाहेर पडले होते. कॅज्युअल्टीसमोर हरसूलकडची ॲम्ब्युलन्स उभी दिसली. मागचं दार उघडं होतं. आत खाली टब, टबात भिजलेले कपडे. इतक्या लांबून टब बरोबर आणणारी सिस्टर एकच होती.

काय झालं होतं ते मला आतल्या डॉक्टरांकडून कळलं. सुमन नावाची मुलगी, पहिलटकरीण, अंगात मुळात रक्त कमी. बाळंतपण सकाळी सुखरूप झालं, मुलगी झाली. नंतर रक्त सुरू झालं ते थांबेना. लतानं सगळं केलं होतं. इंजेक्शनं, दोन सलाईन, लघवीची नळी, पोटावर दाब. तेवढ्यानं भागत नाही असं दिसताच वेळ न दवडता गाडीत घातलं, आणि साऱ्या घाटातून त्र्यंबकपर्यंत आणि पुढे नाशिकपर्यंत, आतली मोठी नस दबून रक्त कमी जावं म्हणून, बेंबीच्या वर मूठ दाबून बसली. गाडीच्या हेलकाव्यात ती मूठ दाबून धरणं काय असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. पण कधी कधी खूप रक्त गेलं की उरलेलं रक्त गोठेनासं होतं. मग माणसाच्या हातात काही राहत नाही. सुमन वाटेतच गेली होती.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या सिस्टरनं हँडओव्हर इतका चोख दिला की आम्ही बघत राहिलो. किती वाजता काय दिलं, किती कपडे भिजले, सगळं. आवाजसुद्धा हलला नाही तिचा."

"ती कुठंय?"

"गेली. मागच्या दारानं गाडीत जाऊन बसली असेल."

मी बाहेर आले तोवर ॲम्ब्युलन्स निघून गेली होती.

आणि समोरच्या दाराबाहेर, निंबाच्या पारावर, एक बाई मांडीवर तान्हं बाळ घेऊन बसली होती. पायात चपला नव्हत्या. शेजारी फडक्यात बांधलेलं गाठोडं. ती सुमनची आई, जनीबाई. गाडीत ड्रायव्हरशेजारी बाळाला घेऊन बसून आली होती. आतून एका सफाईवाल्या मावशीनं येऊन, "नातेवाईक कोण? तिचे कपडे घ्या," असं म्हटलं, त्यावरून तिला अधिकृतपणे कळलं होतं, जे काही कळायचं ते.

लतानं तिला सांगितलं नव्हतं. मला तेव्हा प्रथम समजलं की ती का गेली. ती निर्दय नव्हती. मी तिला शिकवलेलं सगळं तिनं शेवटच्या पायरीपर्यंत केलं होतं, आणि शेवटची पायरी हँडओव्हर होती. त्यापुढे आमच्या ड्रिलमध्ये काही नव्हतंच. दाराबाहेर कोणी आई बसलेली असते, हे त्या खोलीत कधी आलंच नव्हतं. इतकी वर्षं त्या एका दारातून आम्ही फक्त चहाला बाहेर पडायचो.

मी जनीबाईंजवळ बसले. त्यांनीच विचारलं, "बाई, ती सिस्टर कुठं गेली?"

"परत गेली."

"मला तिला इचारायचं हाय."

"काय?"

"माझी पोर शेवटाला काय बोलली ते. मी फुडं व्हते. गाडीचा आवाज लय. काय तरी बोलली ती, मला सबूद नाय उमजलं. तिलाच ठावं असंल." मग म्हणाल्या, "दुसरं कोन नव्हतं तिथं."

त्या रडत नव्हत्या. बाळ चुळबुळलं की थोपटायच्या आणि पुन्हा तेच विचारायच्या. ती सिस्टर परत येईल का. मी म्हटलं, मी तिला विचारून सांगते. त्यांनी मान हलवली. "तुमी नको. ती सांगू दे." मग सुमनला घेऊन त्या गेल्या. दुसऱ्या गाडीत पुन्हा बाळ मांडीवर घेऊन बसताना मी त्यांना पाहिलं. ते आठवलं तरी मला अजून सहन होत नाही.

मी लताला फोन केले. तिनं उचलले नाहीत. तिच्या केंद्रातले डॉक्टर म्हणाले, ती कामावर येते, लसीकरण करते, पण लेबर रूमच्या दारात पाय ठेवत नाही. त्यांनीच तिला उजळणीच्या तुकडीत माझ्याकडे पाठवलं. त्यांना वाटलं तिथे धीर येईल.

ती आली. वाळली होती. माझ्याकडे न बघता कोपऱ्यात बसली. मी जनीबाईंचा निरोप सांगितला. "त्यांना फक्त एवढंच हवंय, लता. सुमन काय बोलली ते." तिनं ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. "मी नाही जाऊ शकत, मॅडम. मी सांगायला तोंड उघडलं की माझ्या तोंडातून बीपीच येतो."

दुसऱ्या दिवशी ड्रिलमध्ये तिची पाळी आली. मी गोदाबाई बांधून टेबलावर होते. बाकीच्या चौघी तयार. लता पुढे आली, माझ्या पोटावर हात ठेवला, आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "मॅडम, आज नळ बंद करू नका."

मी नळ बंद केला नाही. नियम मोडला म्हणा. तिनं एकही पायरी चुकवली नाही. कपडे टबात टाकत होती, मूठ दाबून धरत होती आणि माझ्याशी बोलत होती, "सुमन, बोल ना माझ्याशी. हूं म्हण." लाल पाण्याची पिशवी रिकामी झाली. मी डोळे मिटले आणि हूं म्हणायचं थांबवलं. इतक्या वर्षांत त्या टेबलावर मी पहिल्यांदा मेले. लतानं उभं राहून हँडओव्हर दिला, एक शब्द न अडखळता. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मग ती वळली, आणि तिला कुठं जायचं ते कळेना. दार एकीकडे होतं, ती औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिली.

मी टेबलावरून उतरले, पोट सोडलं आणि तिला म्हटलं, "मी बाहेर बाकावर बसते. मी सुमनची आई. तू ये."

बाकावर बसून मी खूप वेळ बंद दाराकडे बघत होते. या दाराकडे बाहेरून बघत बसल्यावर कसं वाटतं, ते मला तोवर माहीत नव्हतं. आत पावलं वाजतात आणि प्रत्येक पाऊल आपल्याकडेच येतंय असं वाटतं.

दार उघडून लता आली. उभ्यानं म्हणाली, "पेशंटला प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झाला. सर्व उपचार देण्यात आले..."

मी म्हटलं, "माझी पोर कुठाय?"

ती आत पळाली.

दुसऱ्यांदा आली ती "घाबरू नका" म्हणाली. बाकीच्या सिस्टर दारातून बघत होत्या, त्यांच्यातली एक हुंदका देऊन बाजूला झाली. लताच म्हणाली, "खोटं बोलले. पुन्हा येते."

तिसऱ्यांदा आली तेव्हा ती उभी राहिली नाही. बाकावरही बसली नाही. माझ्या पायाशी फरशीवर बसली, माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, सुमन गेली. मी तिच्याजवळ होते. ती एकटी नव्हती." एवढंच. मग तिचा बांध फुटला, आणि माझाही. सोंग कुठल्या कुठे राहिलं.

थोड्या वेळानं मी, अजून तिची खोटी आईच असल्यासारखी, विचारलं, "माझी पोर काही बोलली का गं?"

लतानं डोळे पुसले. म्हणाली, "ते तुम्हाला नाही सांगणार, मॅडम. ते त्यांचं आहे."

गोड शेवटाची वाट बघणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकते, लता लेबर रूममध्ये परत गेली नाही. मी समजावलं, रागावले, तिच्या डॉक्टरांनी समजावलं. ती लसीकरणालाच राहिली. इतके चांगले हात सुया टोचण्यात गेले, याचं मला आजही दुःख होतं, आणि ते कुणावर राग काढून कमी होत नाही. पुढे आमच्या प्रत्येक तुकडीला शेवटी एक दुपार त्या बाकावर घालवावी लागायची. तरुण सिस्टर कुरकुरायच्या. "मॅडम, अशुभ कशाला बोलायचं?" मी म्हणायची, "तू नाही बोललीस तर कपडे घ्या म्हणून सांगणारी मावशी बोलेल. त्यातलं कुठलं बरं?" मग उठून बाकाकडे जायच्या. नव्यांना मात्र आधी मी जिंकूच द्यायची. तो नियम मी पुन्हा पाळला.

पण लता एका ठिकाणी गेली. मी तिच्याबरोबर गेले.

जनीबाईंचा पाडा हरसूलच्या पुढे, डांबरी सडक सोडून आत. आम्ही पोचलो तेव्हा त्या अंगणात नागली पाखडत होत्या. ओसरीत झोळीत बाळ निजलेलं. लताला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं त्या ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर मला ते बरंच वाटलं असतं. त्यांनी तांब्याभर पाणी आणलं, आम्ही प्यायलो. मग त्या लतासमोर उकिडव्या बसल्या. दोघी त्यांच्या डोंगराकडच्या कोकणा बोलीत बोलत होत्या. मी मला समजलं तसं लिहिते आहे.

लतानं आधी ते सांगितलं, जे सांगायला ती त्या दिवशी थांबली नव्हती. "सुमन गेली, मावशी. मी सांगायला हवं व्हतं. मी पळून गेले."

जनीबाई म्हणाल्या, "मला ठावं व्हतं. घाटातच कळलं."

"कसं?"

"तू बोलत व्हतीस तिच्याशी. ती हूं म्हणायची. मी फुडं कान लावून व्हते. घाट उतरलो आन् तिचं हूं थांबलं." त्यांनी लताच्या तोंडाकडे पाहिलं. "तू मात्र बोलतच राह्यलीस. पार नाशिकपोत्तर. 'सुमन, आलं बघ, जवळ आलं.' ती नव्हती, तरी कशापायी बोलत व्हतीस?"

लतानं झोळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही ऐकत व्हता म्हणून."

जनीबाईंनी तिचा उजवा हात, तो मुठीचा हात, आपल्या दोन्ही हातांत घेतला. उलटसुलट करून बघितला. तसाच धरून ठेवून त्यांनी विचारलं, "काय बोलली माझी पोर?"

"इचारलं, 'आय जेवली का?'"

जनीबाईंनी हात सोडला नाही.

"तुम्ही पहाटे चालत आला व्हता ना. तिला ठावं व्हतं तुम्ही काय खाल्लं नसंल. दोनदा इचारलं तिनं."

"तू काय सांगितलं?"

"जेवली म्हनाले. खोटं बोलले, मावशी."

"मंग?"

"मंग म्हनली, 'बरं.' आन् मंग नाय बोलली."

जनीबाईंनी मान हलवली. एकदा, दोनदा. "बरं सांगितलंस बाय," त्या म्हणाल्या. "नायतर माझ्याच काळजीत गेली असती." आणि निंबाच्या पारावर माझ्यासमोर ज्या बाईनं टिपूस काढलं नव्हतं, तिनं तोंडात पदर कोंबला आणि आक्रोश केला. लता तिला धरून बसली. या वेळी तिच्याकडे करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, आणि ती उठून गेली नाही. आवाजानं बाळ जागं होऊन रडायला लागलं. त्या दोघींना ऐकू गेलं नसावं, म्हणून मी उठले आणि झोळीला झोका देत उभी राहिले.